निवांतराजाची तलवार

बुद्धपौर्णिमेला विहारात मुलांचं नाटक करायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्यावर आलं. "ताई, तुमी अमरावतीले एम.ए. केलं, तुमीच लिहा," विहाराचे कार्यक्रम बघणारे संघपालदादा म्हणाले.

मी दोन राजे लिहिले. भडकसिंगाला पोह्यात मीठ कमी लागलं तरी तो शेजारच्या राज्यावर स्वारीचा हुकूम सोडतो. दुसरा निवांतराजा. युद्धाचा खलिता आला की तो म्हणतो, "आमची माणसं कापूस वेचून राहिली, लढाईले कोण येईन? तुमच्या राजाले एकट्याले पाठवा, आमी दोघंच कुस्ती खेळू." निवांतराजा म्हणजे माझी सात वर्षांची पायल. तालमीला अकोल्याच्या आमच्या गल्लीतल्या बाया पोट धरून हसल्या.

मग टीव्हीवर सीमेवरच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादा दारात आले.

"ताई, शेवटी निवांतराजाले तलवार उपसू द्या ना. माहोल गरम आहे. लोक पोरीलेच भित्री म्हनतीन."

पोरीलेच. पुढचं मी ऐकलंच नाही. एका शब्दानंही वाद न घालता शेवट बदलून दिला. पायलनं आतून सगळं ऐकलं होतं.

"पण मम्मी, त्याले तर लढाई नको होती ना?"

"सांगितलं तेवढं पाठ कर."

कार्यक्रमाआधी सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. जीवहिंसा न करण्याचं पहिलं शील आलं, तेव्हा माझा आवाज खाली गेला. थोड्याच वेळात पायलनं पुठ्ठ्याची तलवार उपसली. केवढ्या टाळ्या!

पहिल्या रांगेत बसलेल्या, आमच्याच गल्लीतल्या चतुराबाईंचे हात मांडीवरच राहिले. त्यांचा नातू धर्मेंद्र फौजेत, सीमेवर. चार दिवस त्याचा फोन नव्हता. नाटक संपल्यावर त्या गर्दीतून माझ्याकडे आल्या.

"पोरी, तालमीत त्या राजाचं बोलनं आयकून लय बरं वाटलं होतं मले. तेच आयकाले आली होती आज. काहून बदललं वं?"

"वेळ कमी पडला, आजी."

पायल माझा पदर धरून उभी होती. "नाही आजी," ती म्हणाली, "मम्मीले भेव लागलं."

मी मान वर केली नाही.

"लागतेच वं भेव. मले बी लागते," चतुराबाई म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हात मला सोसवेना.