भिंगावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या एका लाकडी कपाटात माझे बिऱ्हाड आहे. माझे अंग पितळेचे, पाय जड आणि मान जराशी वाकलेली. म्हातारपणामुळे नव्हे बरे का! पाहणाऱ्याला सोयीचे व्हावे म्हणून ती जन्मापासूनच तशी आहे.

ज्या कारागिराने मला घडवले, तो माझी भिंगे घासायचा, उजेडात धरायचा, नाराजीने मान हलवायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. एके दिवशी त्याने भिंग उजेडात धरले आणि तो नुसताच हसला. मग मी खोक्यात बसून इथे आलो.

सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची होती. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पहिल्यांदा दिसल्या की मुले “अरेच्चा!” म्हणत. त्या एका शब्दावर मी वर्षभर खूश असे. पुढे एकदा मैदानावरून धावत आलेल्या कुणीतरी माझे वरचे भिंग सदऱ्याच्या बाहीने खसाखसा पुसले. बाहीला वाळूचा कण होता. भिंगावर एक बारीक, तिरपी रेघ उमटली, ती कायमचीच. त्यानंतर दिवा असलेले नवे सूक्ष्मदर्शक आले. माझ्या पायाशी नुसता आरसा, खिडकीतला उजेड धरून काम करणारा. मी कपाटात गेलो आणि माझ्या गळ्यात चिठ्ठी आली, ‘निकाली काढायचे सामान’.

कपाटाचे दार नीट लागत नसे, म्हणून मला सगळे ऐकू येई आणि फटीतून समोरचे दिसेही. एका दुपारी प्रयोगशाळा सांभाळणारे काका कुणाशी तरी बोलत होते.

“काय गं, आज सकाळपासून चौथ्यांदा या जिन्यावरून गेलीस. काही हरवलंय का?”

“नाही काका. संशोधनाचं काम मिळतंय का बघतेय. सुट्टीत कुणाच्या तरी प्रयोगशाळेत शिकायचंय. पण कुणी म्हणतं जागा नाही, कुणी म्हणतं पुढच्या वर्षी ये. एका सरांनी तर गुण विचारले आणि माझी विनंतीची चिठ्ठी परत दिली.”

“बघू ती चिठ्ठी.” काकांनी ती वाचली आणि ते खो खो हसले. “अगं, सरांच्या नावाची जागा कोरी ठेवून छापून आणल्यास होय? लग्नाच्या पत्रिका वाटतेस का? ते सर कशावर काम करतात, ठाऊक आहे?”

तिला ठाऊक नव्हते.

“मग त्यांनी तुला का म्हणून घ्यावं? आधी वाच. आमच्या मॅडम मागच्या तळ्यातल्या शेवाळावर काम करतात. त्यांचे लेख वाचनालयात आहेत. सगळं नाही कळलं तरी चालेल. जे नाही कळलं ते विचारायला ये.”

आठवडाभराने ती मुलगी मॅडमच्या दारात उभी राहिली. या वेळी हातात छापील चिठ्ठी नव्हती, वही होती. “मॅडम, तुम्ही तळ्याच्या एकाच काठाचं पाणी तपासता. दुसऱ्या काठाचं का नाही?”

मॅडमनी हातातले पेन खाली ठेवले. “कारण दोन्ही काठांना पुरतील एवढे हात नाहीत माझ्याकडे. एक जागा आहे, सहा जणांनी आधीच नावं दिलीत. सातवी तू. सोमवारी ये. शेवाळ बघायचं आणि जे दिसेल त्याचं चित्र काढायचं.”

सोमवारी विभागात वरच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि सगळे नवे सूक्ष्मदर्शक तिकडे अडकले होते. काकांनी मला बाहेर काढले, धूळ झटकली आणि म्हणाले, “चला आजोबा, आज तुमच्यावर वेळ आली.”

एकेक जण आला. पहिल्या मुलाने माझ्या भिंगाला डोळा लावला न लावला तोच झरझर चित्र काढले. हिरव्या पट्टीचे सुबक वेटोळे, अगदी पुस्तकातल्यासारखे. बाकीच्या पाच जणांचेही तसेच. मग ती आली. ती पाहत राही, काढी, खोडी, पुन्हा पाही. काका पुटपुटले, “हिचं नाव खोडरबरच ठेवायला हवं.”

तिच्या चित्रात एक पेशी फाटलेली होती, वेटोळे वाकडे होते आणि सगळ्यांवरून एक तिरपी रेघ गेली होती. माझी रेघ! माझ्या पितळेला घाम फुटायचा तेवढा राहिला. आता माझ्यापायी या पोरीची जागा जाणार.

खोडरबर रेघेपर्यंत आले आणि थांबले. तिने शेवाळ ठेवलेली काच फिरवली. शेवाळ फिरले, रेघ जागची हलली नाही. मग तिने माझे वरचे भिंग हळूच फिरवले. रेघ फिरली. तिने खोडरबर खाली ठेवले आणि चित्राखाली दोन ओळी लिहिल्या.

मॅडमनी सातही चित्रे टेबलावर मांडली. “ही रेघ कसली गं? पेन्सिल घसरली?”

“नाही मॅडम. ती दिसली म्हणून काढली. पण ती शेवाळात नाही, वरच्या भिंगात असावी. का ते खाली लिहिलंय.”

मॅडमनी वाचले. मग स्वतः वाकून माझ्यात पाहिले. भिंग फिरवले, पुन्हा पाहिले.

“काका, बाकीच्या सहा जणांनी यातूनच पाहिलं?”

“यातूनच. दुसरा होताच कुठे?”

“मग त्यांच्या चित्रांत रेघ कुठे गेली?”

काका मिशीतल्या मिशीत हसले. “पुस्तकात नसेल, मॅडम.”

मॅडमही हसल्या. त्या मुलीला म्हणाल्या, “उद्यापासून ये. दुसरा काठ तुझा. आणि चिखलात चालतील अशा चपला घाल.”

मुलीने आधी मान डोलावली, मग बाहेर जाऊन काकांना एवढ्या मोठ्याने सांगितले की परीक्षेला बसलेल्यांनीही ऐकले असेल.

माझ्या गळ्यातली चिठ्ठी त्याच दिवशी काकांनी काढली. आता दर वर्षी नव्या मुलांची नावे आली की मला खिडकीशी मांडतात. ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि मला मांडायचे काम तिचेच. परवा एका नवख्याने विचारले, “ताई, ही रेघ कसली?” तिने ओठ घट्ट मिटून हसू आवरले आणि म्हणाली, “तूच शोध.”

मी सुखात आहे, मित्रांनो. फक्त दोन गोष्टी मागतो. भिंग कधी बाहीने पुसू नका, मऊ कापड घ्या. एक रेघ मला पुरेशी आहे. आणि माझ्यात डोकावाल तेव्हा पुस्तक मिटून ठेवा. मग “अरेच्चा!” म्हणालात, तर मला ऐकू येईल असे म्हणा.