फुलीचा कागद

बसा, खुर्ची जरा पुढे ओढा. गोष्ट सांगतो, आणि पटली नाही तर खुशाल माझा कान पिळा. गोष्ट आमच्या उबवणीघरातल्या मावशीची. सख्खी नव्हे, तिथले सगळेच तिला मावशी म्हणतात. तिथलं पान तिच्याशिवाय हलत नाही.

खोलीएवढं एक कपाट, त्यात बारा हजार अंडी. ऊब किती द्यायची, पंखा कधी फिरवायचा, हे सगळं टेबलावरचा कॉम्प्युटर ठरवतो. त्या दिवशी अंड्यांचा एकोणिसावा दिवस होता. कवचाला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. या दिवसांत पिल्लं स्वतःच ऊब टाकतात, म्हणून पंखा चुकला की आतल्या आत शिजलीच म्हणून समजा.

दुपारी मावशीने पडद्यावर पाहिलं, साडेसदतीस. सवयीने काचेतून आतल्या थर्मामीटरकडे पाहिलं, तर साडेअडतीस! पडद्यावरचा आकडा केव्हाचा शिळा झाला होता. तिने माउस हलवला. बाण आधी ढिम्म, मग लंगडत लंगडत निघाला. पंखाही मनाला येईल तसा, जरा फिरायचा, बराच वेळ थांबायचा.

दार उघडावं, तर दमटपणा उडून जातो आणि कवचातला पापुद्रा पिल्लांना चिकटतो. मशीन बंद करून चालू करावं, तर अर्धा तास गेला. कंपनीचा माणूस फोन उचलेना.

उरली सून. ती कॉम्प्युटरच दुरुस्त करते. आणि मावशी दोन वर्षं घरात म्हणत आलेली, "बसली बया दिवसभर डब्यापुढे डोळे फोडत." आता त्याच तोंडाने फोन लावला.

"अगं, ऐक ना, डबा मरायला टेकलाय!"

"आज तुमचीही गाठ डब्याशीच पडली का, आई? बरं, घाबरू नका. काही बंद करू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, तिन्ही एकदम दाबा."

"बोटं थरथरतायत गं."

"थरथरत्या बोटांनी दाबा. त्याला काय कळतंय."

चालू प्रोग्रॅमची यादी उघडायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात पारा आणखी दोन रेघा चढला.

"काय दिसतंय?"

"आपलाच उबवणीचा प्रोग्रॅम. एकाखाली एक, संपतच नाही बघ. अडतीस, एकोणचाळीस… एक्केचाळीस!"

"एक्केचाळीस वेळा उघडलाय? कोणी?"

मावशीची नजर भिंतीवर गेली. तिथे तिच्याच हातचा कागद होता: 'जाताना पडद्याच्या कोपऱ्यातली फुली दाबा. येणाऱ्याने स्वतःचं नवीन उघडावं.' दुसऱ्याने पसरून ठेवलेलं तिला खपायचं नाही. दोन आठवडे, रोज तीन पाळ्या, आणि कागद सगळ्यांनी इमानाने पाळलेला.

"आई, फुलीने तो मरत नाही, नुसता पडद्याआड जातो. कपाटाकडे जाणारी तार एकच. ती एकाच्या हातात, आणि बाकीचे चाळीस 'मला दे, मला दे' करत मशीनचा जीव खातायत. आता थांबा, मी सांगते तसं..."

थांबणं मावशीच्या रक्तातच नाही. प्रत्येक ओळीपुढे तो प्रोग्रॅम किती राबतोय याचा आकडा होता, दोन, तीन, दोन. एकाच ओळीपुढे शून्य. हा फुकटखाऊ, म्हणून तिने आधी त्यालाच काढला.

आणि पंखा बंद पडला.

"काय केलंत, आई?"

"त्या आळशाला हाकलला."

"तोच खरा होता! ज्याच्या हातात तार आहे, तो कशाला बोंबलेल?"

पंख्याची घरघर गेली तशी काचेआडून चिवचिव स्वच्छ ऐकू येऊ लागली. बारा हजार जीव. पारा एकोणचाळीसला भिडला. "मी मारली गं त्यांना," एवढंच तिला म्हणता आलं.

"आई, रडायचं नंतर. तार आता मोकळी आहे, कोणीतरी धरेल. कोणाचा आकडा शून्य होतो ते बघा."

सून फोनवर आकडे मोजत राहिली. वीस. एकवीस. मावशी पापणी हलवेना. तेविसाला मधल्याच एका ओळीतला तीनचा शून्य झाला, आणि पंखा गुरगुरला.

"त्याला हात लावू नका. बाकीचे एकेक करून काढा."

एकोणचाळीस वेळा मावशीने डोळे मिटून बटण दाबलं, आणि दर वेळी आधी पंख्याचा आवाज ऐकला, मग श्वास सोडला. शेवटी बाण माशीसारखा पळू लागला आणि पारा उतरला.

बाकी सगळी पिल्लं निघाली. वरच्या ट्रेमधली निम्मी अंडी मात्र फुटलीच नाहीत. ती मावशीने एकेक करून स्वतः उघडून पाहिली. कोणाला मदतीला येऊ दिलं नाही.

भिंतीवरचा कागद तिने फाडला. आता घरात 'डबा' हा शब्द काढत नाही. पण पंखा नेमाने विसावा घ्यायला थांबला, तरी ही काचेवर हात ठेवून उभी. नवा कागद लिहायला बसली, तर 'फुली' शब्दाशीच पेन खाली ठेवते. आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं, त्याने घोळ वाढेल.

मघाशी वहीत नाव लिहिलंत, तुमचं अक्षर बरं दिसतंय. हा कागद घ्या, हा पेन. मोठ्या अक्षरात लिहून द्या: 'उघडं आहे तेच वापरा. काही बंद करण्याआधी विचारा.' आणि खाली सुनेचा फोन नंबर घाला, मी सांगतो.