कपाटातला स्टुडिओ

पत्रकारिता विभागात मॅडमचा एक नियम होता. चूक जिथे केली तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ती दुरुस्त करायची. मुलांच्या भित्तिपत्रात एकदा कॅन्टीनवाल्याचा कुत्रा वारल्याची बातमी लागली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ठळक मथळा आला, ‘कुत्रा जिवंत आहे’. शंका राहू नये म्हणून कुत्र्यालाही भित्तिपत्राखाली आणून बसवलं होतं.

विभागातल्या तरुण शिक्षकाला मुलं पाठीमागे धांदल सर म्हणत. सरांना हा नियम फार आवडायचा. दुसऱ्यांना लागू होता तोवर.

त्या वर्षी परदेशातल्या एका संस्थेचं अनुदान जाहीर झालं. पत्रकारिता शिकवणाऱ्या इथल्या शिक्षकाने एक सत्र तिकडे जाऊन शिकायचं आणि तिकडच्याने इथे येऊन शिकवायचं. मॅडमनी स्वतः न जाता सरांचं नाव पुढे केलं. “माझी घडी आता विमानात बसत नाही. तुम्ही अजून दुमडता.”

सरांच्या आईने त्याच संध्याकाळी मोठी बॅग आणली. शेजारीपाजारी येऊन ती रिकामी उचलून बघून गेले.

अर्ज सरांनीच लिहिला आणि पाठवूनही टाकला. मॅडमनी त्याची प्रत चहासोबत वाचायला घेतली आणि मध्येच कप खाली ठेवला.

“‘सुसज्ज ध्वनिमुद्रण कक्ष’. कुठे आहे हो हा? मलाही एकदा बघायचाय.”

सरांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे कपाट होतं. फळ्या काढून आतून गाद्या ठोकलेलं. एक जण आत बसून बातम्या वाचायचा आणि कडी तुटलेली असल्याने दुसरा बाहेरून दार धरायचा. हा दुसरा म्हणजे बहुतेक वेळा मॅडमच.

“सर, हे कपाट आहे.”

“मॅडम, अर्जात सगळेच असं लिहितात.”

“म्हणूनच कोणी वाचत नाही. दुरुस्ती पाठवा.”

“अहो, अनुदान जाईल! आईने बॅग आणलीय!”

“बॅग कुठे जात नाही,” मॅडम म्हणाल्या. सरांना नेमकी तीच भीती होती.

दुरुस्ती गेली. ‘आमच्या अर्जातला सुसज्ज ध्वनिमुद्रण कक्ष हे एक कपाट आहे. चूक आमची.’ सोबत फोटो. फोटोत कपाट आणखीच कपाटासारखं दिसत होतं.

मुलाखत पडद्यावर झाली. समितीच्या अध्यक्षबाईंची उभी हयात रेडिओत गेली होती. नमस्कार-चमत्कार होताच त्या म्हणाल्या, “कपाट दाखवा.”

सरांना माइकसकट आत बसवलं. मॅडमनी दार धरलं.

“काहीतरी वाचा.”

आत वाचण्यासारखं एकच होतं, गादीवरचं लेबल. सरांनी घसा साफ केला आणि मुख्य बातम्यांच्या सुरात वाचलं, “धुऊ नये. पिळू नये. विस्तवाजवळ नेऊ नये.”

अध्यक्षबाईंनी डोळे मिटून ऐकलं. “श्वाससुद्धा स्वच्छ येतोय. कोणी बनवलं हे?”

“मुलांनी. मी दार धरते.”

“नेहमी?”

“बातम्या असतात तेव्हा. म्हणजे हो, नेहमीच.”

“आमचा शिक्षक ताडमाड उंच आहे. मावेल?”

“डोकं मावेल. गुडघ्यांचं मोजल्याशिवाय सांगणार नाही.”

पलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. आत सर लेबलचा उरलेला मजकूर वाचतच होते. त्यांना कोणी थांबवलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात मंजुरीचं पत्र ईमेलने आलं. सरांनी खोलीत एकच उडी मारली. खाली येईपर्यंत दुसरी ओळ वाचून झाली होती, ‘आपली निवड ज्येष्ठ प्राध्यापक म्हणून झाली आहे’.

सरांच्या नोकरीला नुकती तीन वर्षं झाली होती. पत्र अजून कोणी पाहिलं नव्हतं. ज्येष्ठ काय, जाऊन येईपर्यंत माणूस होतोच थोडा, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि लॅपटॉप मिटला.

कोपऱ्यात बातम्या चालू होत्या. मॅडम पायाने कपाटाचं दार दाबून, हातातली बातमी तपासत उभ्या होत्या. आतल्या मुलीचा सूर चुकला तशा त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या, “सावकाश. मी आहे.”

सरांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. ‘मी ज्येष्ठ नाही. कनिष्ठ आहे. तीनच वर्षं झालीत.’ अक्षरं पत्राएवढीच मोठी ठेवली, पाठवलं आणि घरी फोन लावला.

“आई, बॅगेची पावती आहे ना?”

“फाडली. का रे?”

“दुरुस्ती पाठवलीय.”

“कसली?”

“मी ज्येष्ठ नसल्याची.”

“हे त्यांना कळवावं लागतं?” आई म्हणाली. “तुला बघून कळत नाही?”

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘आपण कनिष्ठ आहात हे आम्हाला ठाऊक आहे. चूक आमच्या कार्यालयाची. दुरुस्त पत्र सोबत, त्याच आकाराच्या अक्षरांत. प्रवासाची तयारी करा.’ सही अध्यक्षबाईंची. सहीखाली आणखी एक ओळ होती, येणाऱ्या पाहुण्याच्या गुडघ्यांचं माप.

सरांनी ते पत्र मॅडमसमोर ठेवलं आणि मोजपट्टी घेऊन कपाटात शिरले.

“धरू का दार?” मॅडमनी विचारलं.