लुगड्यातले कांचन

सभासदांच्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं त्या हिवाळ्यात पेटलंच नाही. दोन वर्षं पाऊस नव्हता, मग ऊस कुठला? गाव बैलगाड्या जुंपून दूर पश्चिमेला तोडीला गेलं. म्हातारीकोतारी आणि मंजुळाबाई तेवढी मागं राहिली. मोळ्या वाहून तिचा गुडघा गेला होता, म्हणून चेअरमन सुंदररावांनी तिला फाटकापासच्या रस्त्यावरची कांचनाची चाळीस रोपं सांभाळायला ठेवली होती.

"आता पाणी कुठून घालायचं? जगतील तेवढी जगू दे," सुंदरराव म्हणाले.

"भांड्या-आंघोळीचं हाय की, साहेब."

पौषात थंडीनं कोवळे शेंडे काळे पडायला लागले. निघताना बायकांनी आपली फाटकी लुगडी मंजुळाबाईकडं टाकली होती. त्यांच्या पट्ट्या तिनं खोडांना गुंडाळल्या, बुडाशी पाचट पसरलं. सकाळी धुकं उतरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या-जांभळ्या बायका ओळीनं उभ्या असल्यासारख्या दिसत.

"विमल, बरी हाईस ना गं?" ज्या बाईचं लुगडं तिचं नाव घेऊन ती एखाद्या रोपाला विचारायची. धुक्यातून कुणीतरी हुंकार दिल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी सात रोपांची लुगडी ओरबाडलेली, साल सोललेली. दुसऱ्या दिवशी ती उजाडताच आली, हातात दगड घेऊन. धुक्यात हरणं उभी होती, आवाज न करता, जणू धुक्याचीच झालेली. एक मादी साल सोलून नुसती चोखत होती. पायाशी पाडस.

दगड हातातच राहिला.

"तान लागली व्हय गं तुला?"

मादीनं मान वर केली, बराच वेळ तिच्याकडं पाहिलं, मग सगळी हरणं विरघळून गेली.

मंजुळाबाईनं सोललेल्या खोडांना शेणमाती लिंपली. रस्त्यापासून लांब, बाभळीखाली बैलांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण पडली होती, तिच्यात ती टँकरच्या आपल्या वाट्यातली रोज एक घागर ओतू लागली. स्वतःची आंघोळ आठवड्यातून एकदाच.

महिन्यानं सुंदररावांनी डोण पाहिली. "माणसाला पाणी न्हाई अन् तू हरणांला पाजतीस? कावून?"

"तान भागली की झाडाला तोंड लावीत न्हाईत. बघा की तुमी."

सुंदरराव एकेक खोड हात लावून पाहत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. नवी जखम कुठंच नव्हती.  दुसऱ्या दिवसापासून गावाचा टँकर डोणीत पाणी सोडायला घटकाभर थांबायला लागला.

थंडीनं चार रोपं गेली, सालीविना तीन. बाकीची फाल्गुनात फुटली. एकाला तर एकच गुलाबी फूल आलं, इतक्या कोवळ्या वयातच. मंजुळाबाईनं कुणाला सांगितलं नाही. झाडाच्या तळहाताएवढ्या सावलीत डोकं ठेवून ती पडली. फुलात एक मधमाशी शिरली, आणि तिचा गुणगुणाट ऐकता ऐकता मंजुळाबाईचा डोळा लागला.