लापशी झाकून ठेव

मी नवऱ्याचं नाव घेत नाई. ते काम आमच्याकडं पोलीस करतात. बाभुळगावच्या अंगाले कुठं बैल गेला का हवालदार तांड्यात येऊन बोंबलते, "लालसिंग हाय का घरी?" हाय न बाप्पा, कुठं जाईन? इंग्रजायच्या काळात त्याच्या बापाले ठाण्यात हजेरी द्या लागे, तेवढाच याचा गुन्हा. याले नेतात, यवतमाळच्या कोर्टात उभा करतात, साहेब म्हणते पुरावा नाई, अन् माणूस घरी.

आमच्या तांड्याचा एक कायदा हाय. माणूस निर्दोष सुटला का सारा तांडा एका पंगतीत लापशी जेवते. मंग ती गोष्ट मेली. जेवल्यावर जो ती उकरून काढन, त्याले दंड. मागच्या खेपेले आमच्या मुखियानं, किसनसिंग नायकानं, हवालदारालेही पंगतीत बसवलं. तो वरून गूळ मागून मागून जेवला. आमाले वाटलं, चला, पीडा टळली.

बासष्ट साली दवाखान्यात चौकीदाराची जागा निघाली. नवऱ्याले हौस एकच, सरकारी कंदील. "डाक्टरच्या डोळ्यापुढं बसलो," म्हणे, "तं राती कुठं होता, हे कोन पुसन मले?" त्यानं अर्ज केला. कचेरीतले नीळकंठबाबू चश्मा पुसत म्हणाले, "ठाण्याचा शेरा आलाय. वारंवार अटक."

"अन् वारंवार सुटला, ते?" म्या पुसलं.

"सुटला तो कोर्टात, बाई. ठाण्यात अटक तशीच राहते."

"कोर्ट सांगत नाई का त्यायले?"

"सांगतं. पण इतक्यांदा सुटतो म्हणजे हुशार असणार, असं ते धरतात."

घ्या. सापडला तं चोर, सुटला तं पक्का चोर. जागा भेटली गावातल्या उकंडाले. पाटलाचे बैल त्यानंच वणीच्या बाजारात विकले, हे लहानसहान पोट्ट्यायले ठाऊक. पन त्याले कोनी कधी धरलंच नाई. म्हणून चारित्र्य उत्तम.

नायकाचं डोकं सनकलं. पागोटं बांधून, नवऱ्याले संगं घेऊन तो ठाण्यात गेला अन् हवालदाराले म्हणे, "तू आमची लापशी खाल्ली, अन् मेलेली गोष्ट उकरली. बोकड काढ दंडाचा." तांड्यात नायक असं बोलला का भले भले मान खाली घालतात. हवालदारानं दोघायले कोठडीत घातलं. सरकारी कामात अडथळा.

कोर्टातला साहेब हसला म्हणे, अन् दोघंही सुटले. आता ठाण्याच्या वहीत नायकाचंही नाव लागलं. म्हातारपणी मान वाढला बिचाऱ्याचा.

त्या दिवशी म्या लापशी केली. हवालदाराले बोलावलं नाई, तरी तो आला. दवाखान्याचा कंदील चोरीले गेलता, उकंडानं वर्दी दिलती.

"कवा गेला?" म्या पुसलं.

"परवा राती."

"परवा तं हा तुमच्याच कोठडीत होता, साहेब. कुलूप तुम्हीच लावलं."

"ते कोर्टात सांग," तो म्हणे.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाले येईन ते बोलली मी. नवरा ताटावरून उठला, पायात जोडा घातला.

"लापशी झाकून ठेव," म्हणे. "सुटून आलो का जेवतो."