दाराआडचं गाणं

“‘हातोडी’ संपली की थांबायचं. डफ खाली ठेवायचा आणि दोन्ही हात मांडीवर. कळलं?”

“कळलं, बाई. मघापासून कळलंय. आता पाटीवर लिहून गळ्यात अडकवू का?”

ठोक्या हसला, पण छोटी हसली नाही. ती गिटारची तार पिळत होती आणि तार काही केल्या सुरात येत नव्हती. रंगपटातल्या आरशाभोवतीच्या दिव्यांपैकी निम्मे गेलेले होते. उरलेल्यांच्या उजेडात तिला आपला चेहरा आजाऱ्यासारखा दिसत होता, म्हणून तिने आरशाकडे पाठ केली.

छोटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. पन्नाशी उलटलेली, चष्म्याशिवाय गिटारच्या खुंट्याही नीट न दिसणारी बाई. धाकटी म्हणून घरात पडलेलं नाव तिला असं चिकटलं, की पुढे पोस्टरवर आणि वर्तमानपत्रांतही तेच छापलं जाऊ लागलं. ती स्वतः गाणी रचायची, स्वतः चाली लावायची आणि स्वतः गायची. मोच्याचं गाणं, पुलावरच्या पहारेकऱ्याचं गाणं, बाजारात हरवलेल्या बकरीचं गाणं. ठोक्या पहिल्या कार्यक्रमापासून तिच्या शेजारी बसून डफ वाजवत आला होता. त्याचं खरं नाव आयकर खात्याला ठाऊक असेल तर असेल.

आज दुपारी तिचा सत्कार होता आणि त्यानंतर गाणी. सत्काराची तिला सवय होती. सवय नव्हती ती तिसऱ्या रांगेत ताई बसण्याची.

ताई आजवर तिच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. कधी ड्यूटी, कधी डोकं दुखतंय, कधी घरी कुणी येणार आहे. निवृत्त झाल्यावर ड्यूटीचं कारण गेलं, पण डोकं दुखायचं काही थांबलं नाही. आणि मागच्या आठवड्यात ती आपणहूनच म्हणाली होती, “एकदा तुझं गाणं समोर बसून ऐकावं म्हणते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मग मी कुठली येतेय.” मग कपबशी विसळायला उठता उठता, पाठमोरी असतानाच, “पण ते नको म्हणूस गं. बाकी काहीही म्हण.”

‘ते’ म्हणजे कुठलं, हे छोटीने विचारलं नाही.

फार वर्षांपूर्वी छोटी ताईकडेच राहायची. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. मेहुणे नोकरीसाठी परमुलखात गेले ते तिकडचेच होऊन बसले होते. शाळेतून आलेल्या भाचीला, ताईच्या लेकीला, छोटीच सांभाळायची. संध्याकाळी जिन्यावर ताईची पावलं वाजली की भाची हातातलं टाकून धावायची आणि दाराच्या मागे, भिंतीला चिकटून उभी राहायची. ताई दार ढकलून विचारायची, “दाराआड कोण गं?” आणि दारामागून उत्तर यायचं, “मी नाहीच घरी!” रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि मायलेकींना रोज नवं हसू. छोटी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, काय हा रोजचा पोरकटपणा. मग एका तापात भाची गेली. आठवडाभरही तग धरला नाही पोरीने.

त्यानंतर छोटीने ‘दाराआड’ हे गाणं रचलं. रडून झालं, गप्प बसून झालं, तरी ते आतून जाईना, म्हणून रचलं. ताईला विचारलं नाही. काय म्हणून विचारणार होती?

गाण्यात छोटी तोच प्रश्न विचारायची आणि अख्खं सभागृह तेच उत्तर द्यायचं. त्या एका गाण्याने तिचं नशीब पालटलं. तोवर शहरातले एक थोर समीक्षक तिच्याबद्दल एकच ओळ लिहीत आले होते, की ही लोकगीतं नव्हेत, लोकगीतांचा वेश घातलेल्या कविता आहेत. छोटीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ‘दाराआड’ ऐकल्यावर मात्र त्याच समीक्षकांनी पानभर लेख लिहिला: “या गायिकेने स्वतःच्या मातृत्वाची राख करून हे गाणं पेटवलं आहे.” छोटीला मूलबाळ नव्हतंच. खुलासा करायचा तर ताईचं घर चव्हाट्यावर आणावं लागलं असतं. ती गप्प बसली, आणि तो लेख पुढे प्रत्येक ठिकाणी तिच्या ओळखीत वाचला जाऊ लागला.

ताई यावर कधी अवाक्षर बोलली नाही. फक्त धुलाईखान्यात कुणी काम करता करता ते गाणं गुणगुणू लागलं की ती वाफेची चावी मोठी सोडायची. वाफेच्या फुसफुसाटात कुणाचंच काही ऐकू यायचं नाही. हे छोटीला तिथल्याच एका बाईने सांगितलं होतं, अगदी सहज, गंमत म्हणून.

बाकी सगळं मिळालं होतं. ताईने एकदा ‘बरं गातेस गं’ म्हणावं, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी छोटीने घरातली सगळी मानचिन्हं भंगारात घातली असती.

संयोजक दार न वाजवताच आत आले. “ऐकतोय ते खरं का? ‘दाराआड’ नाही?”

“नाही.”

“अहो, लोक त्याच्यासाठी आलेत! पोस्टरवर दाराचं चित्र आहे!”

“दार सगळ्यांच्याच घराला असतं,” छोटी म्हणाली.

“तुमची चेष्टा होते आणि खुर्च्या माझ्या मोडतात. शेवटी तरी घ्या. एकच कडवं?”

“माझी बहीण आलीय. तिला शब्द दिलाय.”

संयोजकांना यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. “बहिणीला ते आवडत नाही? कमाल आहे,” असं म्हणून ते कपाळ पुसत निघून गेले. ठोक्याला मात्र सगळं माहीत होतं. त्याने डफ गुडघ्यावर आडवा ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दाखवले, पोरासारखे.

सत्कारात तेच समीक्षक बोलले. म्हातारे झाले होते, पण आवाज अजून खणखणीत होता. “लोकगीताची खूण एकच,” ते म्हणाले. “ते रचणाऱ्याच्या मुठीत राहत नाही. ‘दाराआड’ आता यांचं उरलेलं नाही. ते इतकं पूर्ण आहे, की त्यात भर घालण्यासारखंही काही उरलेलं नाही.” टाळ्या पडल्या. छोटीने तिसऱ्या रांगेत पाहिलं. ताई कडक इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसली होती. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण चेहऱ्यावर रागही नव्हता. इस्पितळात नंबर यायची वाट पाहणारी माणसं बसतात तशी बसली होती.

गाणी सुरू झाली. पहारेकरी झाला. बकरीच्या गाण्यावर लोक खळखळून हसले आणि छोटीने चोरून पाहिलं तर ताईच्या ओठांचा कोपराही हलला होता. छोटीचा गळा एकदम मोकळा झाला. तिने ‘हातोडी’ घेतली ती इतक्या जोरात, की ठोक्याने भुवया उंचावल्या.

‘हातोडी’ हे मोच्याचं गाणं. शेवटाला त्याची लय चढत जाते, हातोडी टाचेवर पडत राहते, आणि अखेर दोन संथ ठोके पडून गाणं थांबतं. पूर्वी कधीतरी, कुठल्याशा गावात, छोटीने त्या दोन ठोक्यांवरच ‘दाराआड’ सुरू केलं होतं. लोकांना आवडलं. तेव्हापासून दोन्ही गाणी एकमेकांना शिवलेली होती. मध्ये कधी टाळी घेतली नाही, कधी घोटभर पाणी प्यायली नाही.

शेवटचे दोन ठोके पडले. छोटीने श्वास घेतला.

आणि ठोक्याचा हात पुढे गेला. ठक्, ठक्, मग बोटांची हलकी सर. जिन्यावरची पावलं.

तो विसरला नव्हता. पण त्याचा हात त्याला विचारून थोडाच वाजवत होता? इतक्या वर्षांत तो त्या दोन ठोक्यांनंतर एकदाही थांबला नव्हता. सभागृहातून एक मोठा हुंकार उठला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि लगेच विरला. सगळे प्रश्नाची वाट पाहू लागले.

छोटीने त्याच्याकडे पाहिलं. ठोक्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हात अजून वाजवत होता, मग अडखळला, मग थांबला. त्याने डफ खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. फार उशीर झाला होता.

छोटी माइककडे झुकली. ‘आता मी एक नवीन गाणं म्हणते,’ एवढंच तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटेना. तिने ताईकडे पाहायचं टाळलं आणि मग टाळता आलं नाही. ताई तिच्याकडेच पाहत होती. छोटीने तोंड मिटून घेतलं.

लोकांना वाटलं, तिचा कंठ दाटून आला.

मागच्या रांगांतून एका बाईचा आवाज आला, अगदी हळू. “मी नाहीच घरी, मी नाहीच घरी.” तिच्यात दुसरी मिसळली, मग एक पुरुष, मग ओळीच्या ओळी. डफ नाही, गिटार नाही. आणि ते सगळे थांबले. नेमके तेवढेच थांबले, जेवढा वेळ छोटीला प्रश्न विचारायला लागला असता. त्या रिकाम्या जागेत कुणी काही बोललं नाही. मग पुन्हा सगळे मिळून म्हणाले, “मी नाहीच घरी, मी नाहीच घरी.” कडव्यामागून कडवं असंच गेलं. विंगेजवळच्या खुर्चीत समीक्षक डोळे मिटून गात होते. संयोजक गात होते. रखवालदार दाराला टेकून गात होता.

त्या सभागृहात मिटलेली तोंडं दोनच होती. एक रंगमंचावर आणि एक तिसऱ्या रांगेत.

कार्यक्रम संपल्यावर समीक्षकांनी रंगपटात येऊन तिचे दोन्ही हात धरले. “काय सुचलं तुम्हाला! न विचारलेला प्रश्न! मी भर घालण्यासारखं काही नाही म्हणालो आणि तुम्ही चक्क वजा करून दाखवलंत. उद्याच लिहितो.”

“मला काही सुचलं नाही हो. याचा हात घसरला.”

“हा विनयसुद्धा लिहितो,” ते प्रसन्न होऊन म्हणाले.

ठोक्या कोपऱ्यात डफाला खोळ घालत होता. त्याला ती चढवता येईना. “बाई, हे हात तोडून टाकावेसे वाटतायत,” तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

“तोडलेस तर उद्यापासून काय, पायाने वाजवणार?” छोटीने त्याच्या खांद्यावर थोपटलं. “घरी जा. बायकोला सांग, बकरी रंगली म्हणून.”

टॅक्सीत दोघी बहिणी मागे बसल्या, मध्ये गिटारची पेटी. बाहेर उजेड उतरू लागला होता, दुकानांचे दिवे लागत होते.

“ताई, मी नाही म्हटलं ते.”

“दिसलं मला.”

“रागावलीस?”

“कुणावर रागावू? अख्ख्या हॉलवर?” ताईने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. “त्या मागच्या बाईचा आवाज बरा होता.”

एक सिग्नल गेला. टॅक्सीवाल्याने काच वर केली.

“ती एकदाच म्हणायची,” ताई म्हणाली. “तुम्ही दोनदा म्हणता.”

“चालीत एकदा बसत नव्हतं गं.”

“हं. एकदाच म्हणायची. आणि मग हसू दाबायची. ते ऐकू यायचं मला.”

छोटीने हो म्हटलं. स्वयंपाकघरापर्यंत ते दाबलेलं हसू कधी पोचलं नव्हतं, हे ती बोलली नाही.

ताईचं घर तेच होतं, वरच्या मजल्यावरचं. जिना चढताना ताई एका हाताने कठडा धरत होती आणि एका हाताने छोटीला. “चहा घेऊन जा,” ती म्हणाली. छोटी इथे नेहमी यायची, पण पाहुणी म्हणून. घंटी वाजवायची आणि ताई आतून दार उघडायची. ताईबरोबर बाहेरून ती या घरी आलीच नव्हती, त्या काळानंतर कधीच.

ताईने कुलूप काढलं. दारावर तळवा ठेवला आणि ते हळूच ढकललं, अर्ध्यावर येईपर्यंत. तिथे हात थांबला. मग तिने पर्स छातीशी धरली, दुखरा गुडघा सांभाळत अंग आडवं केलं आणि त्या फटीतून आत गेली.

“मागे काही अडकलंय का गं?” छोटीने विचारलं.

“नाही,” आतून ताई म्हणाली. दिवा लागला. “ये ना.”

छोटी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दारामागे काय असणार? एक भिंत, फार तर एखादा झाडू. तिला ताईची सगळी वर्षं एकदम दिसली. धुलाईखान्यातून दमून आलेली, हातात पिशव्या असलेली, पावसात भिजलेली ताई. रोज संध्याकाळी अर्धंच दार आणि आडवं अंग, कुणाला लागू नये म्हणून. एवढी वर्षं ती ते गाणं गावोगाव गात होती, आणि त्यात हे नव्हतं.

“चहात साखर घालू ना?” आतून आवाज आला.

“घाल.”

खांद्यावरची पेटी त्या फटीतून जाणारी नव्हती. न्यायची तर दार सताड उघडावं लागलं असतं. छोटीने ती खांद्यावरून उतरवली, बाहेर जिन्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि अंग चोरून, दाराला धक्का न लावता आत गेली.