नळीतला फेस

शेलार गावच्या बाळाराम भोईरांना मंगळवारी सकाळी अंगणातच धाप लागली आणि ओठ निळे पडले. भिवंडीच्या दवाखान्यात आणेपर्यंत तोंडातून गुलाबी फेस येत होता. हृदय दमलं होतं, त्यामुळे रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपलं होतं. डॉक्टरांनी घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं.

दुपारच्या ड्युटीला मेघाली होती. पडघ्याची, नर्सिंग संपवून आयसीयूत येऊन जेमतेम चार महिने झालेली. बाळारामांची बायको कमळ पलंगाजवळ उभी होती. तिची नजर त्या पारदर्शक नळीवरून हलत नव्हती, कारण प्रत्येक श्वासाबरोबर फेस नळीत वरखाली होत होता.

“बाय, समोर पानी दिसतंय त्यांचं. काढ ना ते,” ती म्हणाली.

इंजेक्शन दिलंय, पाणी लघवीवाटे जाईल, असं मेघालीने सांगितलं. थोड्या वेळाने कमळने पुन्हा विचारलं, मग पुन्हा, आणि शेवटी तिने मेघालीचा हातच धरला. मेघालीला ते बघवेना. तिने मशीनची नळी सोडवली, सक्शनची बारीक नळी आत घालून फेस ओढला. परत जोडते तोच फेस पुन्हा वर आला. तिने दुसऱ्यांदा नळी सोडवली.

तेवढ्यात ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णववरून ऐंशीच्या खाली घसरला. अलार्म वाजू लागला. कमळला बाहेर पाठवावं लागलं.

डॉक्टर विनिता धावत आल्या. त्यांनी नळी जोडली, मशीनचा दाब आठवरून दहा केला, मग बारा. आकडा हळूहळू चढू लागला. दाब चौदावर नेला तेव्हा मात्र बाळारामांचं ब्लडप्रेशर पडलं, म्हणून त्या पुन्हा बारावर आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने ऑक्सिजन ब्याण्णववर टिकला.

मग त्यांनी आवाज न चढवता मेघालीला समजावलं. श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात थोडा दाब धरून ठेवतं. त्यामुळे हवेच्या बारीक पिशव्या मिटत नाहीत आणि त्यांच्यातलं पाणी कडेला सरतं. नळी सोडवली की दाब क्षणात जातो, पिशव्या मिटतात, पाणी परत भरतं. दाब फार वाढवला तर हृदयाकडे येणारं रक्त अडतं. नळी तुंबली नसेल तर फेस ओढत बसायचं नाही, आणि ओढायचाच तर जोडणी न सोडता.

“हे मला शिकवलं होतं, मॅडम,” मेघाली म्हणाली. “काकींचं तोंड बघितलं आणि विसरले.”

झालं ते केसपेपरवर लिही, काकींशी मी बोलते, असं विनिता म्हणाल्या. मेघालीने लिहिलं, पण बोलायला ती स्वतःच बाहेर गेली.

कमळ बाकावरून उठली आणि मेघालीच्या गालावरून हात फिरवू लागली. पोरीने पाणी काढलं म्हणून माणूस वाचला, अशीच तिची समजूत झाली होती. मेघालीला गप्प राहता आलं असतं. तिने कमळला खाली बसवलं आणि काय घडलं ते सगळं सांगितलं.



“मीच तुझ्या मागं लागलेली,” कमळ म्हणाली.

“तुम्हाला माहीत नव्हतं, काकी. मला माहीत होतं.”

आता त्यांच्यापाशी कोण असणार, असं कमळने विचारलं. रात्री आठपर्यंत मीच, मेघाली म्हणाली.

“मंग मी कितीबी रडले तरी माझं ऐकू नको.”

बुधवारी लघवी भरपूर झाली. दाब बारावरून दहा, मग आठ करण्यात आला, आणि प्रत्येक वेळी थांबून आकडे पाहिले गेले. गुरुवारी तो पाचवर आला. शुक्रवारी सकाळी नळी काढली. बाळारामांचा घसा बसला होता. त्यांनी पाणी मागितलं, पण दोनच चमचे मिळाले.

दुपारी मेघाली ड्युटीवर आली तेव्हा ही कोण, असं त्यांनी खुणेनेच विचारलं.

“पडघ्याची हाय,” कमळ म्हणाली. “चूक झालेली तिच्याकडून. कोनी विचारलं न्हाय, तरी तिनंच येऊन सांगितलं.”

बाळारामांनी मेघालीकडे पाहिलं, मान हलवली आणि अजून एक चमचा पाणी मागितलं.